निळ्यातली पिवळी गाठ

माझ्या सासूबाईंच्या तोंडातले समोरचे चार दात मी बनवले आहेत, आणि गेली सहा वर्षं त्या त्याच दातांनी मला चावतायत. ही तक्रार आहे. कुणी तिला कौतुक समजू नये.

मी एका दंतवैद्याच्या दवाखान्यामागच्या खोलीत खोटे दात बनवते. शेजारच्या खऱ्या दाताशी रंग असा जुळवायचा, की आरशात बघताना त्या माणसालाही कळू नये यातला आपला कुठला. सासूबाईंचे दात मी तीन वेळा मोडून पुन्हा केले. चौथ्यांदा जमले तेव्हा डॉक्टरसुद्धा म्हणाले, वा. सासूबाईंनी ते तोंडातून काढले, उलटे केले, मागच्या बाजूवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "आतून खरबरीत आहेत."

उलटं करून बघणं हा त्यांचा स्वभावच. मला बघायला आल्या तेव्हा माझ्याशी बोलायच्या आधी त्यांनी माझ्या बाहीची कड उलटी केली आणि शिवण कच्ची आहे असं माझ्या आईला सांगितलं. आई बिचारी आठ दिवस त्याच काळजीत होती. लग्नाला अकरा वर्षं झाली. या अकरा वर्षांत त्यांनी माझे पडदे, चादरी, उशांचे अभ्रे, मुलीचे फ्रॉक, सगळं उलटं करून बघितलंय आणि प्रत्येकात काही ना काही सापडलंय. सापडलं की चेहऱ्यावर असं समाधान, की बघणाऱ्याला वाटावं जेवणच झालं.

आता त्यांची बाजूही सांगायला हवी, नाहीतर म्हणाल सून ती सूनच. बाईंनी पस्तीस वर्षं जुने इराणी गालिचे दुरुस्त केले. नवरा गेला तेव्हा मुलगा पाच वर्षांचा, हातात शिवणापलीकडे काही नाही. एका गालिच्यांच्या दुकानामागे कारखाना होता, म्हणजे एक लांबडी खोली, उत्तरेला खिडकी आणि खिडकीखाली बुटकं टेबल. तिथे बसल्या त्या पस्तीस वर्षांनी उठल्या. आकडीची सुई, वाकडी कात्री आणि गाठी ठोकून बसवायला लोखंडी पंजा, एवढीच हत्यारं. उंदरांनी कुरतडलेलं, निखाऱ्याने जळलेलं, कसरीने खाल्लेलं गालिच्यांचं अंग त्या गाठ गाठ करून पुन्हा उभं करायच्या. नवी लोकर त्यांना चालत नसे. नवा रंग जुन्याशेजारी ओरडतो म्हणायच्या. जे गालिचे दुरुस्तीपलीकडे गेलेले असत ते उसवून त्यांची लोकर त्या जिवंत गालिच्यांना लावत. त्या लोकरीची त्यांची एक लाकडी पेटी आहे, चाळीस कप्प्यांची. कुठला रंग कुठल्या कप्प्यात हे ठरलेलं. त्या पेटीला घरात कुणी हात लावायचा नाही. मी एकदा धूळ पुसली तर दोन दिवस अबोला होता. ते दोन दिवस छान गेले.

आणि त्यांचा एक नियम होता. जिथे जुनं विणकाम संपून त्यांचं सुरू होई, तिथे उलट्या बाजूला त्या एक पिवळी गाठ मारत. निळ्यात असो, लालात असो, एकच पिवळी. उद्या दुसरा कारागीर दुरुस्तीला बसला तर त्याला कळावं, इथून पुढचं हात लागलेलं आहे.

याच पिवळ्या गाठीवरून त्यांची नोकरी गेली. दुकानाच्या मालकाला त्या घरात 'बोका' म्हणतात. गोल चेहरा, बारीक मिशी आणि डोळे मिटून दूध पिण्याची कला. गिऱ्हाइकाने गालिचा उलटला की पिवळी गाठ दिसे आणि 'जसाच्या तसा, एका धाग्याला हात लागलेला नाही' हे बोक्याचं पालुपद तिथेच अडखळे. तो म्हणाला, गाठ बंद करा. त्या म्हणाल्या, "दुरुस्ती दिसू नये हे माझं काम. ती झालीच नाही म्हणून सांगणं तुमचं. तुमचं काम मी करणार नाही." चार वर्षांपूर्वी त्याने त्यांना घरी बसवलं आणि सगळ्या व्यापारात सांगितलं, बाईंची नजर गेली.

बाईंना नोकरीचं दुःख नव्हतं, त्या वाक्याचं होतं. पस्तीस वर्षं ज्या डोळ्यांवर पोट भरलं त्या डोळ्यांना त्याने चारचौघांत आंधळं म्हटलं होतं. चार वर्षं त्यांनी दुसरा विषय काढला नाही. भाजी निवडताना बोका, कपड्यांच्या घड्या घालताना बोका. एकदा तरी त्याच्या दुकानात, त्याच्या गिऱ्हाइकांसमोर, आपली नजर काय आहे हे दाखवायचं, एवढंच त्यांना आयुष्याकडून हवं होतं. मला विचाराल तर त्या जगत होत्याच त्यासाठी. बाकी वेळ मला छळण्यात जायचा.

यंदा आम्ही नव्या घरात आलो. चौथा मजला, बैठकीच्या खोलीत पांढऱ्या फरशा, पाय ठेवला की गारठा मेंदूपर्यंत. मला त्या खोलीत जुना इराणी गालिचा हवा होता. आमच्या डॉक्टरांच्या घरी एक आहे, विटकरी रंगाचा. त्याच्यावर पाय ठेवला त्या दिवसापासून मी त्याच्यासाठी झुरत होते. मशीनवरचा नको, हाताचाच आणि जुनाच. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "या घरात गालिचा येणार नाही. पस्तीस वर्षं गुडघ्यावर बसले त्याच्यापुढे. आता निदान डोळ्यांसमोर नको."

"तुमच्या खोलीत नाही घालत. बैठकीत घालते."

"बैठक काय तुझ्या माहेराहून आणलीस?"

नवरा वर्तमानपत्राआड गेला. हा माणूस अकरा वर्षं एकच वर्तमानपत्र वाचतोय असं मला कधीकधी वाटतं. तसा त्यालाही त्या महिन्यात घरात तोंड वर काढायची सोय नव्हती. घर बदलताना त्याच्या हातून ती लोकरीची पेटी जिन्यात पडली होती. त्याने मुकाट्याने लडी गोळा करून हाताला येईल त्या कप्प्यात कोंबल्या. सासूबाईंनी जो आकांत केला तो शेजाऱ्यांना आमची ओळख करून द्यायला पुरला. "पुन्हा लाव! होती तशी लाव!" म्हणून त्या त्याच्या मागे लागल्या होत्या. मी म्हटलं, "आई, तुम्हीच लावा की. रंग तुम्हाला माहीत." तर माझ्यावर असे डोळे वटारले, की मी ओट्याकडे निघून गेले. शेवटी त्यानेच कशीबशी लावली.

मग मी शेवटचं अस्त्र काढलं. म्हटलं, "ठीक आहे. शनिवारी मी बोक्याच्या दुकानातून घेऊन येते."

त्यांचे हात थांबले. "तो तुला गंडवेल."

"गंडवू दे."

"दातवालीला गालिच्यातलं काय कळतंय! मी येते."

खरं सांगते, मला हेच हवं होतं. त्यांची मदत हवी होती हे खरं, पण त्याहून जास्त तमाशा हवा होता. अकरा वर्षांत त्यांना कुणी उलटं करून बघितलेलं मी पाहिलं नव्हतं.

दुकान लांबलचक, छताला पिवळे दिवे, भिंतींवर गालिचे आणि जमिनीवर गालिच्यांच्या थप्प्या. एक वयस्कर जोडपं कोचावर बसून गालिचे बघत होतं. हॉटेलांची सजावट करणारी एक बाई माप घेत होती. बोका आम्हाला बघून उठला, मिशी सारखी केली आणि म्हणाला, "या बाई! किती वर्षांनी! नातवंडं बरी? आता दिसतं का जरा बरं?"

"तुमचा माल दिसण्याइतपत दिसतं," सासूबाई म्हणाल्या. "हिला जुना इराणी दाखवा."

"पर्शियन म्हणा हो बाई. इराणी म्हटलं की माल उगाच शेजारचा वाटतो."

त्याने पहिला पसरला. शंभर वर्षांचा, म्हणाला. सासूबाई खाली बसल्या, टोकाच्या झालरीवर बोटं फिरवली आणि अर्ध्या मिनिटात उठल्या. "झालर गालिच्याच्या ताण्यातून, उभ्या धाग्यांतून, निघालेली नाही. वरून शिवलीय. ज्याची झालर शिवलेली त्याचं वयही शिवलेलं." कोचावरच्या आजोबांनी चष्मा सारखा केला.

दुसरा आला. हा तर राजाच्या घरचा. सासूबाईंनी माझ्याकडून पांढरा रुमाल मागून घेतला, थुंकी लावून ओला केला, लाल भागावर खसखसा घासला आणि तो माझ्यासमोर धरला. "काय आलं, सांग सगळ्यांना मोठ्याने." मी सांगितलं, लाल आलं, आणि कडेला चहासारखं काहीतरी. "चहाच आहे तो," त्या म्हणाल्या. "चहात बुडवून म्हातारा केलेला आहे. गेल्या वर्षीचा असेल." सजावटवाली बाई हसली. आजोबा ज्या गालिच्यावर पाय ठेवून बसले होते त्याची झालर हळूच ओढून बघू लागले.

मी त्या क्षणी कुणाच्या बाजूची होते, ते सांगायला लाज वाटते. मला त्यांचा अभिमान वाटत होता. आम्हाला चहाही न विचारणारा बोका आता घाम पुसत होता, आणि माझी सासू थप्प्यांच्या मधोमध हात मागे बांधून उभी होती.

बोका आत गेला आणि स्वतः एक गुंडाळी खांद्यावर घेऊन आला. उलगडली तेव्हा मी बघतच राहिले. विटकरी जमीन, मधे गडद निळं फूल, काठाला छोटे छोटे पक्षी, एकासारखा एक नाही. मी मनात म्हटलं, हाच. काहीही होवो, हाच.

"हा बघा बाई," बोका म्हणाला. "एका धाग्याला हात लागलेला नाही."

सासूबाई गुडघ्यावर बसल्या. बराच वेळ त्या फक्त हात फिरवत होत्या, पक्ष्यांवरून, कडांवरून, मग गालिचा दुमडून मागच्या बाजूवरून. डोळे तर अर्धे मिटलेले. मग हळूच म्हणाल्या, "हा मी ओळखते. म्हणजे याच्या भावाला. जोडीने विणलेले होते. एकाचा डावा कोपरा जळलेला, तो मी केला होता, तीस वर्षं झाली. दुसऱ्याला काही झालेलं नव्हतं." आणि मला म्हणाल्या, "खाली वाक. डाव्या कोपऱ्यात मागून बघ, निळ्यात पिवळा ठिपका आहे का. माझी मान वाकत नाही."

मी वाकले. नीट पाहिलं, बोटाने लोकर बाजूला करकरून पाहिलं. निळंच होतं सगळं.

"नाही," मी म्हटलं.

"नीट बघितलंस?"

"नीट बघितलं, आई. नाही."

त्या उठल्या आणि दुकानभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मग हा दुसरा. खरा आहे. शंभरच्या पुढचा, आणि याला कोणी हात लावलेला नाही. या माणसाच्या तोंडून पहिल्यांदाच खरं निघालंय."

बोका हसायला लागला. आधी मिशीत, मग पोट धरून. टेबलाच्या खणातून त्याने एक फोटो काढला आणि आधी जोडप्याला दाखवला, मग त्या सजावटवालीला, मग मला. फोटोत हाच गालिचा होता, हेच पक्षी, आणि डावा कोपरा हातभर लांब जळालेला. शेजारी बसलेली बाई तिशी-पस्तिशीची, केस काळेभोर, हातात आकडीची सुई. हसत होती. ती हसते हे मला माहीत नव्हतं.

"भाऊ कसला, हाच तो!" बोका म्हणाला. "परदेशातून परत आला. तुमची पिवळी गाठ मी नव्या कारागिराकडून काढून घेतली. स्वतःचंच काम ओळखता येईना! आणि मी नजर गेली म्हटलं तर किती राग आला होता बाईंना!"

जोडपं हसलं. सजावटवालीही हसली. सासूबाई उभ्याच होत्या. त्यांच्या चेहऱ्याकडे मी अकरा वर्षं याच क्षणासाठी बघत आले होते, आणि आता बघवेना. त्यांनी एवढंच विचारलं, "गाठ काढली?"

माझं डोकं फिरलं. माझ्या सासूला बोलायचं तर मी बोलेन. अकरा वर्षं भोगलंय मी, तो अधिकार माझा आहे. हा कोण टिकोजीराव?

"थांबा," मी म्हटलं. "पाच मिनिटांपूर्वी याला हात लागलेला नाही असं कोण म्हणालं? तुम्ही. लागलाय हे माहीत कुणाला होतं? तुम्हाला. यांनी खूण ठेवली, ती उपटली कुणी? तुम्ही. त्या चुकल्या, पण खोटं तुम्ही बोललात." मग मी कोचाकडे वळले. "आजोबा, तुमच्या पायाखालच्याचा फोटोही मागून घ्या. खणात असेल."

आजोबा उठलेच. आजींनी पर्स उचलली. सजावटवालीने मापाची फीत गुंडाळली. बोक्याचं हसू चहात बुडवल्यासारखं उतरलं.

"मला हाच गालिचा हवाय," मी म्हटलं. "पण दुरुस्त केलेला म्हणून. पावतीवर लिहा, डावा कोपरा नव्याने विणलेला. कोणी विणला तेही लिहा. पूर्ण नाव." त्याने दात-ओठ खात लिहिलं. पस्तीस वर्षांत त्या दुकानाच्या कागदावर सासूबाईंचं नाव पहिल्यांदा आलं असावं. मी पावती त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती घेतली, बघितल्यासारखं केलं आणि घडी करून परत दिली.

घरी येताना रिक्षात गालिचा आमच्या दोघींच्या मांडीवर आडवा होता. अर्ध्या रस्त्यात त्या म्हणाल्या, "तमाशा बघायचा होता ना तुला? बघितलास?"

"हो," मी म्हटलं. "बघायचा होता. नाही आवडला."

त्यांनी गालिचा मांडीवर सारखा केला. मला मात्र राहून राहून एक गोष्ट समजत नव्हती. खोटा दात कितीही जुळवला तरी तो माझा मला कळतो. रंगात नाही तर चमकेत, चमकेत नाही तर कडेत. स्वतःचं हातभर काम समोर असताना या बाईला, जिला माझ्या अभ्र्यातला चुकलेला टाका दारातून दिसायचा, काहीच कसं दिसलं नाही? मग आठवलं की दारातून दिसायचा ही जुनी गोष्ट. हल्ली त्या अभ्रा हातात घेतल्याशिवाय बोलत नाहीत.

गालिचा बैठकीत पसरला. आठ दिवस सासूबाई त्याला वळसा घालून भिंतीकडेने जात होत्या. नवव्या दिवशी, रविवारी दुपारी, नवरा मुलीला घेऊन बाहेर गेला होता. मी चहा टाकून बाहेर आले तर सासूबाई जमिनीवर बसलेल्या. गालिच्याचा डावा कोपरा उलटा केलेला, मांडीवर आकडीची सुई, शेजारी लोकरीची पेटी उघडी. चार वर्षांत त्यांनी स्वतः ती उघडलेली मी पाहिली नव्हती. बोटांनी कप्पे मोजत त्या तिसऱ्या ओळीत गेल्या, पाचव्या कप्प्यातून एक धागा ओढला आणि सुईत घेतला.

"काय करताय?"

"गाठ मारतेय. पिवळी. खोटा माल नको माझ्या घरात."

धागा निळा होता.

आकाशासारखा निळा, खिडकीच्या उजेडात लख्ख. जिन्यात पेटी सांडली तेव्हा माझ्या नवऱ्याने तो पिवळ्याच्या कप्प्यात कोंबला होता. आणि ही बाई निळ्यावर निळी गाठ मारायला बसली होती, कप्पा मोजून.

सगळं एकदम जुळलं. 'काय आलं, सांग सगळ्यांना मोठ्याने.' न वाकणारी मान. पेटीसाठीचा आकांत. माझ्या पावतीची न वाचता घातलेली घडी. बोका खोटारडा होता, आणि त्या एका बाबतीत खरं बोलला होता. त्या दिवशी दुकानात सासूबाईंची नजर म्हणजे मी होते.

अकरा वर्षं मी यांची एक चूक पकडायला टपले होते. आता ती समोर होती. गप्प बसावं असं वाटलं. मारू दे निळी, कुणाला कळतंय. घरात सगळे म्हणतील पिवळी आहे. पण मग माझ्यात आणि बोक्यात फरक काय राहिला?

मी त्यांच्यासमोर बसले. "आई, तो निळा आहे."

सुई थांबली. त्यांनी मान वर केली, माझ्या तोंडाच्या जरा डावीकडे बघितलं आणि मी केलेल्या दातांनी ओठ चावला.

"माहीत आहे मला," त्या म्हणाल्या. "तुझी परीक्षा घेत होते."

"बरं."

"खोटं बोलतेस का ते बघत होते."

"बरं म्हटलं ना."

मी पेटीत शोधलं. पिवळा सापडेना. शेवटी खाकीच्या कप्प्यात, तपकिरीच्या लडीत अडकलेला निघाला, एवढासा. त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो चिमटीत फिरवला, ओढून बघितला, नाकाशी नेला.

"हा पिवळाच कशावरून?"

"मी सांगते म्हणून."

आत चहा उतू जात होता, वास येत होता. मग त्यांनी सुई माझ्यापुढे केली. "ओव. आणि जुनं कुठे संपतं तिथे माझं बोट ठेव."

मला ते दिसत नव्हतं. खरंच दिसत नव्हतं, इतकं ते काम जुळलेलं होतं. मी तसं सांगितलं. त्या पहिल्यांदा हसल्या, फोटोतल्यासारख्या नाही, जरा तिरक्या. मग स्वतःच बोटाने चाचपत पक्ष्याच्या शेपटापाशी आल्या, गाठ मारली, पंज्याने ठोकली आणि म्हणाल्या, "आता वर्णन कर. आणि वाढवून सांगू नकोस, दातवाले."